लाल दिसतात ते पुंकेसर



सोसायटीच्या फाटकाशी, कॉलेजच्या आवारात, रस्त्याच्या दुभाजकावर एक झाड हमखास दिसतं. लोंबत्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना लालभडक ब्रश. आपण ‘बॉटलब्रश’ म्हणतो आणि पुढे जातो. आज त्याच्यापाशी थोडं थांबू या.

तो ब्रश म्हणजे एक फूल नव्हे. डहाळीला चहूबाजूंनी बिलगलेली ती कितीतरी फुलं आहेत. परवा मी त्यातलं एक सोडवून तळहातावर घेतलं. पाकळ्या होत्या, पण इवल्याशा, हिरवट, लगेच गळणाऱ्या. लाल होते ते सगळे पुंकेसर! रॉबर्ट ब्राउन यांनी १८१४ मध्ये या प्रजातीला ‘कॅलिस्टेमॉन’ हे नाव दिलं, ते याचसाठी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘सुंदर केसर’. ब्राउनियन गती ज्यांच्या नावानं ओळखतात, तेच हे ब्राउन.

झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं, पण कुळ आपल्या घरातलं: जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही त्याची भावंडं. पान चुरगळून हुंगा, नातं लगेच पटेल. तिकडे ब्रशासारख्या जिभेचे पक्षी त्यातला मध टिपतात; आपल्याकडे शिंजीर येतो.

कॅलिफोर्नियात १९७७ साली एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. शोध घेतल्यावर एक द्रव्य सापडलं. त्यानं तणाची पानं पांढरी पडतात आणि रोप मरतं. त्याच द्रव्याच्या धाग्यावरून पुढे मक्याच्या शेतात वापरायचं मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झालं. झाडाखालच्या मोकळ्या जमिनीकडे कुणीतरी नीट पाहिलं, म्हणून हे घडलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बहर ओसरला तरी फांदी तिथे थांबत नाही. टोकातून नवी पालवी फुटते आणि मागे मण्यांसारखी टणक फळं डहाळीला चिकटून राहतात, कित्येक वर्षं मिटलेली. वणवा लागला किंवा फांदी वाळली, की ती उघडतात आणि भुकटीसारखं बी सांडतं.

उद्या जाता-येता एक फांदी हलकेच खाली ओढा आणि टोकाकडून मागे मण्यांचे झुबके मोजा. किती बहर येऊन गेले, ते कळेल. फांदी मात्र तोडू नका.