रेवेचा हिशेब

मैसूरच्या गोकुलम वसाहतीत सकाळी फिरावयास निघालो की कोठे ना कोठे नवे घर उठताना दिसते, आणि त्याच्यापुढे रेतीचा नाहीतर रेवेचा ढीग. घरमालकाला विचारा, गाडीमागे काय पडले ते तो चटकन सांगेल. पण ही रेव कोणत्या काठावरून आली आणि तेथे आता किती उरली, हे त्याला ठाऊक नसते. खेद याचा, की पुष्कळदा ते सरकारी दप्तरालाही ठाऊक नसते.

१९५७ च्या खनिज कायद्याने रेवेला ‘गौण खनिज’ म्हटले. त्याचा अर्थ एवढाच, की तिचे नियम राज्यांनी करावयाचे. आम्ही मात्र ‘गौण’ म्हणजे क्षुल्लक असे समजून बसलो. कोलारच्या सोन्यामागे माणूस तीन किलोमीटरांहून खोल गेला. रेवेसाठी चार हात खणून पाहण्याचाही त्याला कंटाळा!

या कंटाळ्याचा मीही एकदा धनी झालो. एका नदीकाठी वर रेव स्वच्छ दिसत होती. रस्त्याचे काम अडले होते. पाहणी पुढे करू, असा शेरा मारून मी पट्ट्याची शिफारस केली. हातभर रेव निघाली आणि खाली चिकणमाती लागली. यंत्रे मग पात्रात उतरली, आणि त्या उन्हाळ्यात काठच्या विहिरी आटल्या. शेऱ्याखालची सही माझी होती.

तेव्हापासून टप्प्याटप्प्याच्या पाहणीवर माझी श्रद्धा बसली. पहिल्या टप्प्यात नकाशे पाहावे, नदीने सोडलेले जुने काठ पायी हिंडावे, विहिरींच्या कडांतील थर न्याहाळावे. याला खर्च फारसा नाही. आशा वाटली तर दूरदूर चाचणी खड्डे घ्यावे. माल चाळून गाळ किती, गोटे किती हे मोजावे. तेही जमले तरच खड्डे जवळजवळ घेऊन साठ्याचे माप काढावे. एक हेक्टरभर सरासरी दोन मीटर थर म्हणजे वीस हजार घनमीटर. त्यात चौथा हिस्सा माती निघाली तर हाती येतात पंधरा हजार. खाणपट्टा याच्यानंतर. प्रत्येक टप्प्याअखेर ‘येथे थांबा’ असे म्हणण्याची मोकळीक हवी. थोडक्या खर्चात मिळालेला नकार हाही पाहणीचा लाभच होय.

रेवेत केवळ बांधकामाचा मालच असतो असेही नाही. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना रेवेच्या एका खाणीत अश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारताच्या प्रागितिहासाचे दार उघडले. हेच फूट पुढे १८९४ साली मैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्याचे पहिले प्रमुख झाले. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशाला, प्रवरेच्या रेवेत, डॉ. ह. धी. सांकलियांना १९५४ च्या सुमारास तशीच प्राचीन हत्यारे मिळाली. म्हणून पहिल्याच टप्प्यात पुरातत्त्वज्ञाची नजर त्या थरांवरून फिरावी. यंत्राला गोटा आणि हत्यार यांतील भेद कळत नाही.

आणि नदी पुन्हा भरून देईल, या भरवशावरही राहू नये. धरणामागे पाणी संथ होते आणि जड गोटे तेथेच बसतात. आमच्या कावेरीवर कृष्णराजसागर आहे, कपिलेवर कबिनीचे धरण आहे. खालच्या पात्रातून आपण जे उचलतो, ते वरून पूर्वीसारखे येईल कसे?

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. २०१६ पासून जिल्हा सर्वेक्षण अहवाल आला. नियम चांगले आहेत. परंतु अहवाल कचेरीत बसूनही लिहिता येतो. खड्डा मात्र काठावर जाऊनच खणावा लागतो.

आता कोणतीही फाईल पुढे आली की मी एकच विचारतो : खड्डे किती घेतले, आणि खाली काय लागले? त्या आटलेल्या विहिरींनी मला शिकविलेला हा प्रश्न आहे.