पाच फळ्यांचे बाकडे : घरगुती सुतारकामाचा पहिला धडा



मराठी घरात लाकडी सामान पूर्वी फार नसे. परंतु जे असे ते दोन-दोन पिढ्या टिकत असे. पाट, चौरंग, देव्हारा, मांडणी, झोपाळा एवढ्या वस्तूंवर संसार चाले. गावचा सुतार हा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या ओसरीवर वाकसाच्या ढलप्या वेचीत बसणाऱ्या मुलांना आंबा कोणता, बाभूळ कोणती, हे वासावरून कळे. आज लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांचे तयार सामान घरोघर आले आहे. त्याची सोय नाकारता येत नाही. पण पाणी लागताच ते फुगते आणि मोडल्यावर सहसा दुरुस्त होत नाही. त्याहून मोठे नुकसान असे की, वस्तू कशी उभी राहते याचे ज्ञान घरातून नाहीसे होत चालले आहे.

हे ज्ञान परत मिळविणे अवघड नाही. मात्र नवशिक्याची पहिलीच वस्तू डुगडुगली किंवा तडकली, तर तो पुन्हा करवत हाती घेत नाही. म्हणून ही पहिली वस्तू कशी साधावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

लाकडाचा स्वभाव

पहिले काम बहुधा फसते ते लाकूड ओले असल्यामुळे. ताज्या कापलेल्या लाकडात भरपूर पाणी असते. ते वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र चांगलेच आकसते. तीस सेंटिमीटर रुंदीची फळी तीन टक्के आकसली, तर तिची रुंदी ९ मिलिमीटरने कमी होते. वाळलेले लाकूडही पावसाळ्यात हवेतील दमट शोषून फुगते आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसते. कोकणातील दारे आषाढात चौकटीत अडकतात ती याच कारणाने.

फळ्या वाळविण्यासाठी सावलीत, जमिनीपासून उंच, एकीवर एक रचाव्यात आणि मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून वारा खेळू द्यावा. उन्हात टाकलेली फळी वाकते व चिरते. लाकूड वाळले की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. एक फळी दर पंधरवड्यास तोलावी. वजन घटणे थांबले की ती त्या ठिकाणच्या हवेपुरती वाळली असे समजावे.

नवशिक्याने सागवानाचा आग्रह धरू नये. साग उत्तम, पण महाग. त्यात झालेली चूक जड जाते. आंबा सहज मिळतो व रंध्याखाली ठीक चालतो. मात्र त्याला कीड लवकर लागते, म्हणून त्याला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण आधी द्यावे. बाभूळ चिवट असून बैलगाडीस व अवजारांच्या दांड्यांस उत्तम. परंतु शिकाऊ हातास ती कठीण जाते.

पाच फळ्यांची रचना

पहिली वस्तू म्हणून खुर्ची निवडू नये. तिच्यात तिरपे कोन व अवघड सांधे असतात. त्याऐवजी पाच फळ्यांचे साधे बाकडे घ्यावे. बसण्याची फळी ९० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद. दोन उभ्या फळ्या पायांसाठी, प्रत्येकी ४० सेंटिमीटर उंच व २५ सेंटिमीटर रुंद. आणि दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येकी ८० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद. सर्वांची जाडी अडीच सेंटिमीटर. बाकड्याची उंची साडेबेचाळीस सेंटिमीटर होते. ती प्रौढ माणसास बसण्यास योग्य आहे.

नुसत्या उभ्या फळ्यांवर आडवी फळी ठोकली, तर धक्का बसताच बाकडे एका बाजूस कलते. आडव्या पट्ट्या नेमक्या याच ठिकाणी कामास येतात. पायांच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत १० सेंटिमीटर खोल व अडीच सेंटिमीटर रुंद खाचा कापून त्यांत या पट्ट्या बसवाव्यात. भार खाचेच्या काठावर पडतो आणि स्क्रूवर सारा ताण येत नाही. पायाच्या फळीचे तंतू उभे असावेत. म्हणजे बसण्याची फळी आणि पाय यांची रुंदी ऋतुमानाप्रमाणे एकाच दिशेने कमीजास्त होते व कोणीच कोणाला फाडत नाही. फळीखाली तिच्या रुंदीत आडवी पट्टी बसवायची असेल, जशी पाटाला असते, तर ती पूर्ण लांबीत चिकटवू नये. मधला स्क्रू घट्ट ठेवून कडेची भोके लांबट करावीत, म्हणजे फळीला हलण्यास वाव राहतो.

माप आणि हत्यारे

करवत, रंधा, पटाशी, हातोडी, गिरमिट, गुण्या आणि मोजपट्टी एवढी हत्यारे प्रारंभी पुरेशी आहेत. करवतीचा काप स्वतः दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातो. म्हणून काप रेघेवर न घेता रेघेबाहेर, टाकाऊ भागातून घ्यावा. रंधा तंतूंच्या चढत्या दिशेने चालवावा. उलट चालविल्यास पृष्ठभाग उपटतो. टोकाजवळ खिळा वा स्क्रू बसविण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर लाकूड फाटते.

काटकोन तपासण्यास एका बाजूवर ३० व दुसरीवर ४० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांतील अंतर ५० सेंटिमीटर भरले तर कोन बिनचूक. आयताचे दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. याच बाकड्याला एकूण किती लाकूड लागते, हे विद्यार्थ्यांनी काढावे : उत्तर सुमारे अर्धा घनफूट येते, त्यावर तूट धरावी. वखारीत लाकडाची किंमत घनफुटाने सांगितली जाते. त्यामुळे घनफळाचे गणित येथे पुस्तकाबाहेर येते.

पटाशी चालविताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. बोथट पटाशीला जोर लागतो आणि जोर लावला की ती निसटते. म्हणून धार हीच सुरक्षितता होय. लाकडाची बारीक भुकटी फुफ्फुसास घातक असल्याने घासकाम उघड्यावर, नाकातोंडास फडके बांधून करावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

शाळा आणि पंचायत

हाताच्या कामाला शिक्षणात स्थान देण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने ज्या मूलोद्योगांचा पुरस्कार केला, त्यांत सुतारकाम होते. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभवाची शिफारस केली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू करून ग्रामीण मुलांस प्रत्यक्ष कामातून तंत्रज्ञान शिकविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचविले आहे.

या दहा दिवसांत पाच फळ्यांचे बाकडे होऊ शकते, मात्र लाकूड आधीच वाळलेले असावे. त्यासाठी पंचायतीने गावच्या सुतारास सन्मानपूर्वक व मोबदला देऊन शाळेत बोलवावे. शिक्षकाने गणित सांगावे, सुताराने हात दाखवावा. वादळात पडलेल्या झाडांचे लाकूड अनेक गावी सरपणात जाते. त्यातील चांगल्या फळ्या शाळेसाठी राखून ठेवता येतील. मात्र महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, आंबा, फणस, जांभूळ यांसह अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतील असली तरी तोडण्यास परवानगी लागते. पडलेल्या झाडाचे लाकूड हलविण्यापूर्वीही वनखात्याकडे चौकशी करणे श्रेयस्कर.

ज्या मुलाने स्वतःच्या हाताने बाकडे केले, त्याला पुढे सुतारकामाचा धंदा करावयाचा नसला तरी दोन गोष्टी कायमच्या कळतात : झाड वाढावयास किती वर्षे लागतात आणि ते वाया जाण्यास किती थोडा वेळ पुरतो. अशा घरात सुताराच्या मजुरीची घासाघीसही थोडी कमी होईल. प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात तिच्याच विद्यार्थ्यांनी केलेले एक बाकडे असावे, एवढा संकल्प या वर्षी झाला तरी पुष्कळ झाले.