सीमेवरचे गाव : ओक पार्क



शिकागो म्हटले की आपल्याला १८९३ ची सर्वधर्मपरिषद आठवते आणि स्वामी विवेकानंद आठवतात. आज आम्ही बोलणार आहोत ते मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या त्या महानगराविषयी नव्हे, तर त्याच्या पश्चिम अंगाला चिकटून असलेल्या एका छोट्या नगरपालिकेविषयी. तिचे नाव ओक पार्क. क्षेत्रफळ जेमतेम १२ चौरस किलोमीटर आणि वस्ती, २०२० च्या शिरगणतीप्रमाणे, साडेचोपन्न हजार. कायद्याच्या कागदोपत्री ते अद्यापि ‘व्हिलेज’, म्हणजे खेडेच आहे. एक अध्यक्ष, सहा विश्वस्त आणि त्यांनी नेमलेला एक व्यवस्थापक, एवढ्यांवर त्याचा कारभार चालतो.

एवढ्याशा गावाची कहाणी आपल्याला कशासाठी सांगावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी आपोआप मिळेल.

हे गाव आगगाडीने वाढवले. १८४८ मध्ये शिकागोहून रूळ आले, आणि १८७१ च्या भीषण आगीत शहर जळाल्यावर अनेक कुटुंबे इकडे सरकली. त्या काळी ओक पार्क आणि शेजारचे ऑस्टिन ही दोन्ही सिसेरो नावाच्या एकाच टाउनशिपमध्ये नांदत होती. १८९९ मध्ये मतदान झाले आणि ऑस्टिनकरांची इच्छा नसताना, बाकीच्यांच्या मतांनी ऑस्टिन शिकागोला जोडले गेले. पुढे १९०२ मध्ये ओक पार्क स्वतंत्र झाले. मध्ये उरला तो एक रस्ता, ऑस्टिन बुलेव्हार्ड. अलीकडे गाव, पलीकडे महानगर. हा रस्ता आपण ध्यानात ठेवावा.

गावाला कीर्ती लाभली ती माणसांमुळे. थोर वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी १८८९ मध्ये येथे आपले घर बांधले. त्यांचे येथील ‘युनिटी टेंपल’ २०१९ पासून जागतिक वारशात गणले जाते. अर्नेस्ट हेमिंग्वे १८९९ मध्ये येथेच जन्मले. सुशिक्षित, सुखवस्तू, देवभीरू असे हे गाव. परंतु ते गोऱ्यांचे होते.

१९५० मध्ये येथे पर्सी ज्युलियन यांनी घर विकत घेतले. सोयाबीनपासून संप्रेरके बनविण्याची रीत काढणारे हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. आजोबा गुलामगिरीत राबलेले आणि नातू व्हिएन्नाचा डॉक्टरेट! पण कातडीचा रंग काळा. कुटुंब राहायला येण्यापूर्वीच घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकले गेले. त्या वेळी आईवडील बाहेरगावी होते, आणि घरात दोन मुले होती. ज्युलियन हटले नाहीत. बंदूक घेऊन मुलासह रात्रीचा पहारा करीत ते राहिले. गावातले काही गोरे शेजारीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच होते, आणि आज गावातल्या एका शाळेला त्यांचे नाव आहे.

पण एका कुटुंबाचे धैर्य म्हणजे गावाचे धोरण नव्हे. खरी कसोटी पुढे होती. १९६० नंतर रस्त्यापलीकडच्या ऑस्टिनमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ लागली. लगेच घरांचे दलाल गोऱ्यांच्या दारी जात. “आता भाव कोसळणार, आजच विका!” असे सांगत. घाबरलेल्यांकडून घर स्वस्तात घ्यायचे आणि गरजू कृष्णवर्णीयाला महाग विकायचे, असा तो धंदा. बँकाही अशा वस्तीला कर्ज देताना हात आखडता घेत. १९७० मध्ये ऑस्टिनची तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीय होती. १९८० पर्यंत ती तीन चतुर्थांशांच्या घरात गेली. एकजण पळाला म्हणून दुसरा पळतो. भीतीने घर विकले म्हणजे भाव उतरतो, आणि भाव उतरला म्हणजे भीती खरी ठरते.

ओक पार्ककरांनी काय केले? मे १९६८ मध्ये, वर्ण पाहून घर नाकारण्यास बंदी करणारा नियम त्यांनी केला. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड या बाईंनी गृहकेंद्र काढले. ज्या भागाकडे गोरे भाडेकरू फिरकत नसत तो त्यांना आवर्जून दाखवायचा, आणि कृष्णवर्णीयांना सारे गाव खुले करायचे, हे त्याचे काम. दारोदार ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या लागल्या की गल्ली धास्तावते, म्हणून त्या पाट्या बंद केल्या. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, तरी गावातल्या दलालांनी ती आपखुशीने पाळली. आणि १९७५ मध्ये नवी नगरपालिका कचेरी बांधली ती कोठे? गावाच्या पूर्व भागात, त्या सीमेच्या रस्त्याजवळ! आम्ही पळणार नाही, हे सांगायला याहून मोठा फलक कोणता असेल?

सर्वांत मार्मिक योजना १९७७ ची. घरमालकाने नाव नोंदवावे, पाच वर्षे राहावे, आणि नंतर घर तोट्यात गेले तर नुकसानीचा ८० टक्के भाग नगरपालिका भरून देईल. बंधुभगिनींनो, या योजनेखाली भरपाईची मागणी कोणीही केली नाही. भाव कोसळलेच नाहीत. भीतीला उपदेश केला असता तर ती हलली नसती. तिला जमाखर्च दाखवला तेव्हा ती गेली.

१९७० मध्ये जेथे कृष्णवर्णीय शेकड्यात एकही नव्हते, तेथे २००० मध्ये ते २२ टक्के होते, आणि गोरे पळालेले नव्हते.

आम्ही त्या गावाचे भाट नाही. कोणी कोठे राहावे याची एवढी आखणी करणे न्याय्य काय, हा आक्षेप तेव्हाही होता आणि त्यात तथ्य आहे. घरांच्या किमती आणि कर चढल्याने सामान्य कुटुंबांना आज गाव परवडत नाही. कृष्णवर्णीयांचे प्रमाणही काहीसे उतरले आहे. तेथील हायस्कुलात दोन वर्णांची मुले एका छपराखाली असूनही एकसारखी पुढे जात नाहीत, हे २०१८ च्या एका माहितीपट-मालिकेने उघड केले. शेजार मिळाला, समता अजून यायची आहे.

आता शेवटचे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही आमच्याच शहरात भाड्याची जागा शोधीत होतो. मालकांनी पगार नंतर विचारला, गाव नंतर विचारले, आधी विचारले ते आडनाव. आमचे आडनाव त्यांना चालले. चहा झाला, किल्ली मिळाली. आमच्याबरोबर आलेल्या मित्राचे आडनाव मात्र चालले नाही. त्याला “कळवतो” म्हणून सांगण्यात आले. आम्ही किल्ली खिशात घातली आणि गप्प राहिलो. ओक पार्कची हकीगत वाचताना ती किल्ली आम्हाला आठवत राहिली.

डायनामाइट फेकणारे कोठेही थोडेच असतात. वस्त्या तुटतात त्या किल्ली खिशात घालून गप्प बसणाऱ्यांमुळे. आपल्या गृहसंस्थांच्या सभांत, आपल्या नगरपालिकांत हा प्रश्न कोणीतरी उच्चारावा, एवढ्यासाठी हे परदेशी गाव आपल्यापुढे मांडले.