शेवटच्या प्रकरणाची जबाबदारी

(बुऱ्हाणपूर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गुणात्मक संशोधनाची शेवटची प्रकरणं कशी लिहावीत, हा विषय वर्गातला आहे असं काहींना वाटेल. पण मुलाखती आणि निरीक्षणांवर उभ्या राहणाऱ्या या संशोधनाचं भांडवल म्हणजे तुमचं-आमचं बोलणं. अभ्यासक ते ऐकतो, उतरवून घेतो आणि शेवटच्या प्रकरणांत त्याचा अर्थ लावतो. आपल्याबद्दल काय म्हटलं गेलं, ते तिथं ठरतं. म्हणून या विषयाशी मुलाखत देणाऱ्याचाही तितकाच संबंध आहे.

बुऱ्हाणपुरात अभ्यासाला विषयांची वाण नाही. शहरात यंत्रमाग आहेत, तापीच्या खोऱ्यात केळीच्या बागा आहेत, डोंगराच्या अंगाला कोरकू आणि बारेला वस्त्या आहेत. मुलंमुली हौसेनं हिंडतात, मुलाखती घेतात, वह्या भरतात. ‘सारांश, निष्कर्ष व शिफारशी’ हे प्रकरण मात्र प्रबंध सादर करण्याची तारीख तोंडावर आली की घाईघाईनं उरकलं जातं. जिथं सर्वांत जास्त वेळ द्यायचा, तिथंच हात आखडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. यंत्रमाग कामगारांच्या वीस कुटुंबांचा अभ्यास आहे. कामगार सांगतो, “लाइट गई, तो मजुरी गई.” घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी त्याची बायको म्हणते, “हमारा काम तो कोई काम में गिनता ही नहीं.” आता प्रबंधात वाक्य येतं: ‘८० टक्के कामगार असमाधानी असल्याचे दिसून येते.’ या वाक्यात वीज नाही, मजुरी नाही, कांडी नाही आणि ती बाई तर नाहीच. शिवाय वीस घरं ओळखीपाळखीतून निवडलेली असतील, तर तो टक्का शहराबद्दल काहीच सांगत नाही.

त्याऐवजी असं लिहा: मागावरची मजुरी कापडाच्या मीटरवर मोजली जाते, म्हणून वीज गेलेला तास थेट घरखर्चातून वजा होतो, तो खड्डा बायका कांड्या भरून बुजवतात, पण त्या कष्टाला घरातसुद्धा कमाई म्हणत नाहीत. मग दोघांची वाक्यं त्यांच्याच बोलीत द्या. आणि एखादी बाई याच कामाबद्दल अभिमानानं बोलली असेल, तर तिलाही जागा द्या. आपल्या सूत्रात न बसणारा माणूस गाळला, की निष्कर्ष गुळगुळीत होतो आणि खोटाही.

‘दिसून येते’ या शब्दांमागे अभ्यासकानं लपू नये. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या संशोधिकांनी २००६ सालच्या त्यांच्या गाजलेल्या लेखात हेच बजावलं आहे: सूत्रं (थीम्स) सामग्रीतून आपोआप वर येत नाहीत, ती संशोधक घडवतो. तेव्हा कोणत्या बोलण्यांवरून कोणतं सूत्र आपण बांधलं, हे उघड सांगावं.

निष्कर्षांनंतरचं प्रकरण विवेचनाचं. आपल्याला जे सापडलं, ते आधीच्या अभ्यासांशी कुठं जुळतं, कुठं त्यांना छेद देतं आणि का, हे इथं मांडायचं. ते मांडताना आपण कुठं उभे राहून पाहतो आहोत, याचंही भान लागतं. मराठीतला याचा मोठा दाखला म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ग्रामव्यवस्थेवरचा ग्रंथ ‘गावगाडा’. कुणबी, कारूनारू (बलुतेदार-अलुतेदार), फिरस्ते, त्यांचे हक्क आणि मागण्या यांचं इतकं बारीक वर्णन मराठीत क्वचितच सापडेल. कुणब्यावर चहूबाजूंनी पडणारा भार आत्र्यांनी पोटतिडकीनं दाखवला. पण फिरस्त्यांबद्दल ते निवाडा देतात, तेव्हा लेखणीमागचा सरकारी अधिकारी जाणवतो. तो काळ १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा होता. आत्र्यांनी स्वतः ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तकही लिहिलं होतं. १९५२ साली तो कायदा गेला. आज आपण आत्र्यांचं वर्णन विश्वासानं वाचतो आणि निवाडा पारखून घेतो. एवढ्या तयारीच्या माणसाचं हे झालं, तर आपण किती जपायला हवं! आपली जात, शिक्षण, नोकरी, बाई असणं की पुरुष असणं, यांमुळे कोण मोकळेपणी बोललं आणि कोण गप्प राहिलं, ते विवेचनात आलंच पाहिजे.

मर्यादांचा परिच्छेद माफीनाम्यासारखा लिहू नका. ‘वेळ व पैसा अपुरा होता’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. कोणत्या मोहल्ल्यात गेलो, कुठं गेलो नाही, कोण भेटलं नाही, ते नेमकं सांगा. लिंकन आणि गुबा या संशोधकांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेचे निकष मांडले. निष्कर्ष दुसरीकडे लागू पडतील का, हे वाचकाला ठरवता यावं इतका तपशील संशोधकानं द्यावा, ही त्यातली एक अपेक्षा. मालेगाव किंवा भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावातल्या वाचकाला आपल्या गावाशी ताडून पाहता आलं पाहिजे.

तपशील देतानाच ओळख झाकायची, हे अवघड काम आहे. नाव बदललं, पण ‘मशिदीमागच्या गल्लीतला, तीन मागांचा, एका पायानं अधू मालक’ असं लिहिलं, तर सारा मोहल्ला त्याला ओळखतो. अभ्यासाला गरजेचा नसलेला तपशील काढून टाका.

शिफारशींत ‘शासनाने योग्य ती पावले उचलावीत’ हे वाक्य नको. प्रत्येक शिफारस एखाद्या निष्कर्षाला बांधलेली हवी आणि ती कोणी अमलात आणायची, तेही सांगायला हवं. कांड्या भरणाऱ्या बाईचं काम मोजलं जात नाही, हा निष्कर्ष असेल, तर कामगारांच्या पाहणीत कोणता प्रश्न वाढवावा, हे लिहा.

विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे की, प्रबंध बांधणीला टाकण्यापूर्वी शेवटचं प्रकरण घेऊन त्या घरांत पुन्हा जा. त्यांच्या भाषेत ते समजावून सांगा. “मी असं म्हटलंच नव्हतं,” असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका; वही उघडा, पुन्हा ऐका आणि तरीही मतभेद उरला, तर तोही प्रकरणात नोंदवा. मार्गदर्शक सही करतील, परीक्षक गुण देतील. पण ज्यांनी कामाचा खाडा करून तुमच्याशी गप्पा मारल्या, त्यांच्यासमोर ते पान वाचता आलं पाहिजे. ते वाचता येत नसेल, तर प्रबंध अजून पुरा झालेला नाही.