परमुलखातील लढाई आणि करदात्याची संमती

जाम नदीकाठचे सावरगाव १८६१ नंतर मध्यप्रांतात मोडत असे. तेथील शेतकऱ्याचा सारा आणि मिठावरील कर हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत जाई. त्या तिजोरीतून परमुलखातील लढाईस पैसा द्यावयाचा, तर त्यावर देखरेख कोणाची?

१८५८ च्या कायद्याने याचे उत्तर दिले होते. प्रत्यक्ष आक्रमणाचा प्रसंग वगळता, सरहद्दीबाहेरील मोहिमेचा खर्च ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून हिंदी महसुलावर टाकू नये, असे त्यात होते. परंतु संमती देणारे निराळे आणि कर भरणारे निराळे! १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या स्वारीत पार्लमेंटने संमती दिली, आणि तेथे गेलेल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदी तिजोरीवरच राहिला.

१८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच वर्मावर बोट ठेवले. साम्राज्यविस्तारापुढे हिंदी करदात्याचे हित गौण ठरते आणि खर्चावर त्याचा ताबा नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते.

१९५० च्या राज्यघटनेने हा ताबा संसदेकडे आणला. विनियोजन कायद्यावाचून संचित निधीतून पैसा काढता येत नाही. महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. परदेशास लष्करी साहाय्य देणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद होतील. पण त्याचा जाब आता सावरगावच्या मतदारालाही विचारता येतो.