त्रैराशिक आणि गुणपत्रक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. हिंदी अनुवादासह त्याची आवृत्ती १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथात त्रैराशिकाचा विस्ताराने विचार आहे. एका मापाला इतके दाम, तर इतक्या मापांना किती, हा प्रश्न व्यापारी समाजाला निराळा शिकवावा लागत नाही; तो पेढीवर बसूनच अंगवळणी पडतो.

त्याच सवयीने समाजातील अनेक घरांत आज एक चूक घडते. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाऊ इच्छिते. तेथील गुणमापन चारपैकी असते, येथील गुणपत्रक शंभरपैकी. घरातील वडीलधारी मंडळी हिशेब मांडतात: शंभराला सत्तर, तर चाराला किती? उत्तर येते २.८. त्या विद्यापीठाची अट मात्र ३.० ची असते. अर्ज भरण्याआधीच मुलीची निराशा होते, आणि एका हुशार विद्यार्थिनीचा मार्ग कोणत्याही विद्यापीठाने नव्हे, तर घरच्याच त्रैराशिकाने बंद होतो.

त्रैराशिक खोटे नाही. ते लावले चुकीच्या जागी. त्रैराशिकाला दोन गोष्टी लागतात. माप शून्यापासून सुरू व्हावे आणि प्रत्येक पायरी सारखी असावी. तांदळाच्या मापात ते घडते, गुणांच्या मापात घडत नाही. अमेरिकन वर्गात परंपरेने साठाच्या खाली गेलेला विद्यार्थी अनुत्तीर्ण धरला जातो आणि सत्तर म्हणजे जेमतेम ‘सी’. भारतीय विद्यापीठात साठ म्हणजे प्रथम वर्ग. दोन्हीकडे अंक शंभरपैकीच, पण त्यांचा अर्थ एक नाही. म्हणूनच पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकेतील संस्थांच्या तक्त्यांत भारतीय विद्यापीठातील साठ आणि त्यावरील गुण बहुधा ‘ए’ श्रेणीत बसवले जातात. घरच्या हिशेबातील २.८ आणि त्या तक्त्यातील ‘ए’ यांत केवढे अंतर आहे!

या संस्था सरासरीचे रूपांतर करीत नाहीत, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात सहसा येत नाही. त्या प्रत्येक विषयाचे गुण स्वतंत्रपणे श्रेणीत बदलतात, त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणतात आणि मग सरासरी काढतात. समजा एखाद्या तक्त्यात साठाच्या वर ‘ए’ म्हणजे ४ आणि चाळीसच्या घरात ‘सी’ म्हणजे २ आहे. एका विद्यार्थ्याला सर्व विषयांत साठ आहेत, दुसऱ्याला निम्म्या विषयांत ऐंशी आणि निम्म्यांत चाळीस. येथे दोघांची सरासरी साठच. तेथे मात्र पहिल्याला ४.० आणि दुसऱ्याला ३.० मिळतात. ऐंशीचे वरचे वीस गुण तेथे मोजलेच गेले नाहीत. हा अन्याय आहे की न्याय, यावर वाद होऊ शकतो. परंतु एकदा तक्ता स्वीकारला की हे घडणारच.

गुणांच्या अंकाकडे कसे पाहावे, यासाठी जैन परंपरेत एक जुनी शिस्त आहे. कोणत्याही वस्तूविषयी विधान करताना द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चारींची अपेक्षा ठेवावी, असे आचार्य सांगतात. गुणपत्रकाला ती शिस्त जशीच्या तशी लागू पडते. त्याचा प्रत्यय घेण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. सनदी लेखापालाच्या परीक्षेत प्रत्येक विषयात किमान चाळीस आणि एकूण पन्नास टक्के लागतात. त्या परीक्षेत पंचावन्न टक्के मिळवणाऱ्या मुलाचे पेढे सगळ्या गल्लीत वाटले जातात. दहावीला पंचावन्न टक्के आले, तर त्याच घरात पेढ्यांचा विषयही निघत नाही. समाजातील प्रत्येक कुटुंबाला हा फरक कळतो. जर्मनीचा किंवा अमेरिकेचा अर्ज समोर आला की मात्र हेच शहाणपण बाजूला पडते.

जर्मनी हा देश जैन समाजाला अपरिचित नाही. हर्मान याकोबी या जर्मन विद्वानाने आचारांगसूत्र आणि कल्पसूत्राचा इंग्रजी अनुवाद १८८४ साली प्रसिद्ध केला. आज त्याच देशाच्या विद्यापीठांकडे भारतीय विद्यार्थ्यांचा मोठा ओघ आहे, आणि तेथील मोजमाप उलटे आहे. १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. परदेशी गुण त्या मापात आणण्यासाठी तेथे ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरले जाते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत; कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे किमान गुण वजा करावेत; पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागावे, तिनाने गुणावे आणि त्यात एक मिळवावा. हेही त्रैराशिकच आहे, परंतु ते शून्यापासून नव्हे, उत्तीर्णतेच्या रेषेपासून मोजते. महावीराचार्यांनाही ते पटले असते.

तरीही या सूत्रातून एकाच विद्यार्थ्याची अनेक उत्तरे निघतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीत उत्तीर्णतेची शेवटची पायरी ४ आहे. एखाद्याचा सीजीपीए ८ असेल, तर सूत्र थेट लावून २.० येतात, उत्तम गुण. कोणी त्या आठाचे आधी टक्के करायला गेले, तर प्रश्न उभा राहतो: कोणत्या सूत्राने? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा ९.५ चा गुणक अनेकांच्या तोंडी आहे. तो मंडळाने दहावीसाठी, श्रेणीपद्धतीच्या काळात दिला होता. ९१ ते १०० या गटातील विद्यार्थ्यांची सरासरी साधारण पंचाण्णव येत असल्याने तो ९.५ ठरला. अभियांत्रिकीच्या पदवीशी त्याचा काहीही संबंध नाही. तरी तो सर्रास लावला जातो. त्याने आठाचे ७६ टक्के होतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्राप्रमाणे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणले, तर ७२.५ होतात. हे टक्के बव्हेरियन सूत्रात घातले आणि किमान गुण चाळीस धरले, तर अनुक्रमे २.२ आणि २.३८ येतात. कुणी चुकून किमान गुण पन्नास धरले, तर ७२.५ चे २.६५ होतात. तेथील अनेक अभ्यासक्रमांची प्रवेशमर्यादा २.५ असते. विद्यार्थी तोच, परीक्षा तीच. एका वाटेने तो आत आणि दुसऱ्या वाटेने दाराबाहेर.

येथे मोहही उभा राहतो. चार सूत्रांपैकी जे सर्वांत गोड उत्तर देईल ते निवडावे, असा सल्ला देणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत. त्याला हुशारी म्हणता येणार नाही. जागा मोजक्या असतात आणि फुगवलेल्या गुणांनी घेतलेली जागा दुसऱ्या कोणाची तरी असते. सत्याणुव्रताबरोबर अचौर्याणुव्रताचाही येथे संबंध पोहोचतो. व्यवहारातही ही युक्ती टिकत नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीने भारतीय विद्यार्थ्यांना प्रवेशाआधी एपीएस प्रमाणपत्र आवश्यक केले आहे; त्यासाठी कागदपत्रांची तपासणी होते.

सूत्राची खरी मर्यादा मात्र आणखी खोल आहे. सूत्रातील कमाल गुण कागदावरचे असतात, वर्गातले नसतात. आजच्या आजोबांच्या पिढीत वाङ्मय किंवा कायदा या विषयांत पासष्ट टक्के मिळवणे ही मोठी कामगिरी समजली जाई. किमान पस्तीस धरले, तर त्या पासष्टाचे सूत्राने २.६२ होतात. आज साडेनऊ सीजीपीए मिळवणाऱ्याला १.२५ मिळतात. नातू आजोबांहून दुप्पट विद्वान झाला, असा याचा अर्थ नव्हे. बदलला तो काल.

क्षेत्राचेही तसेच. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. वर्ग देण्याची पद्धत तिकडूनच आली. तरी आज ब्रिटनमध्ये प्रथम वर्ग सत्तरला आणि येथे बहुतेक ठिकाणी साठाला. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे तर भारतीय संस्थांची वर्गवारी करतात आणि एका संस्थेच्या पदवीधराकडून साठ, दुसऱ्या संस्थेच्या पदवीधराकडून पासष्ट किंवा सत्तर मागतात. फ्रान्समध्ये वीसपैकी दहाला उत्तीर्ण, आणि सोळा मिळाले तर ‘अतिउत्तम’ असा शेरा, अठरा-एकोणीस क्वचितच. तेथील सोळाचे ऐंशी टक्के करून दाखवले, तर त्या शेऱ्याचे मोलच नाहीसे होते.

युरोपातील विद्यापीठांनी यावर उपाय शोधला. १९८९ साली विद्यार्थी-देवाणघेवाणीसाठी श्रेयांकांची समान पद्धत सुरू झाली. एका वर्षाच्या अभ्यासाला साठ श्रेयांक. तिच्याबरोबर पुढे एक श्रेणीही आली: उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या दहा टक्क्यांना ‘ए’, पुढच्या पंचवीस टक्क्यांना ‘बी’, नंतरच्या तिसांना ‘सी’, पंचविसांना ‘डी’ आणि शेवटच्या दहांना ‘ई’. कल्पना सुंदर होती. अंक बाजूला ठेवायचा आणि विद्यार्थी आपल्याच सहाध्यायांत कोठे उभा आहे, एवढेच पाहायचे. पण वर्ग लहान असेल तर दहा टक्के म्हणजे अर्धा माणूस! सर्वच विद्यार्थी निवडक असतील, तर त्यांतील कुणाला तरी ‘ई’ द्यायचा कसा? अखेर २००९ मध्ये ही सक्तीची विभागणी सोडून देण्यात आली. त्याऐवजी प्रत्येक संस्थेने आपल्याकडे कोणता गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळतो याचा तक्ता प्रसिद्ध करावा, असे ठरले. रूपांतर करण्यापेक्षा माहिती उघड करणे त्यांना अधिक प्रामाणिक वाटले, आणि तेच योग्य झाले.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न नवा नाही. मुंबईत अकरावीच्या प्रवेशासाठी निरनिराळ्या मंडळांच्या मुलांची तुलना कशी करावी, यावर २००८ मध्ये पर्सेंटाइलचा आणि २००९ मध्ये ९०:१० चा प्रयोग झाला. दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’चे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे ते मान्य झाले. एकाच शहरातील दोन मंडळांचे गुण जुळवताना न्यायालयाची पायरी चढावी लागते, तर दोन खंडांतील विद्यापीठांचे काय!

म्हणून विद्यार्थ्याने घरी रूपांतर करूच नये. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे मूळ मापातील गुणच लिहावेत, असे अर्जात स्पष्ट सांगतात, तेथे २.८ लिहिणे हीच चूक ठरते. विद्यापीठाकडून मोहोरबंद प्रतिलिपी घ्यावी. तिच्यामागे श्रेणीचा तक्ता आणि उत्तीर्णतेचे किमान गुण छापलेले आहेत की नाहीत, हे पाहावे. नसल्यास परीक्षा विभागाकडून तसे पत्र घ्यावे. टक्क्यांचे अधिकृत सूत्र असेल, तर त्याच विद्यापीठाचे घ्यावे, शेजारच्या विद्यापीठाचे नव्हे. आणि विभागात किंवा महाविद्यालयात कितवा क्रमांक आला, याचा दाखला मिळत असेल तर तो अवश्य जोडावा. एकशे वीस विद्यार्थ्यांत चौथा, हे वाक्य कोणत्याही देशात भाषांतराशिवाय कळते.

हीच दृष्टी समाजातील शिष्यवृत्ती समित्यांनाही हवी. समितीपुढे एक अर्ज पारंपरिक विद्यापीठातील ६८ टक्क्यांचा असतो, दुसरा स्वायत्त महाविद्यालयातील ८.६ सीजीपीएचा. घाईत दुसऱ्याला दहाने गुणून ८६ केले जातात आणि पहिला अर्ज खाली जातो. त्या ६८ च्या मागे कदाचित विद्यापीठातील तिसरा क्रमांक असतो, आणि खेड्यातून रोज येणारी एक मुलगी असते. तिला आपला अर्ज का मागे पडला, हे कधीच कळत नाही. छापील अर्जात ‘टक्के’ हा एकच रकाना असेल, तर दोष समितीच्या हेतूचा नाही, त्या रकान्याचा आहे. त्याच्या शेजारी आणखी चार रकाने सहज मावतात: विद्यापीठाचे मापन, परीक्षेचे वर्ष, उत्तीर्णतेचे किमान गुण आणि वर्गातील क्रमांक. पुढच्या जून महिन्याचे अर्ज छापायला जाण्यापूर्वी एवढा बदल करता येईल.