जुन्या कार्डातले अठ्ठावीस सेकंद

मागच्या वेळी वर्कशॉपच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी विचारलं, 'निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसतात का?' बसत नाहीत. आज त्या हातांनी केलेली एक चूक सांगतो.

मी लष्कराच्या ईएमई कोअरमध्ये होतो. बंदुकीपासून रडारपर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करणारे आम्ही. आमची एक पद्धत आहे: आघाडीवर सर्किट उघडून बसायचं नाही. खराब कार्ड काढा, चांगलं बसवा, यंत्र कामाला लावा. खराब कार्ड मागे जातं. इलेक्ट्रॉनिक्सचं असेल तर थेट आग्र्याच्या बेस वर्कशॉपपर्यंत. सोबत एक चिठ्ठी जाते आणि त्या चिठ्ठीवर मी उमेदीची वर्षं जवानांची डोकी खाल्ली आहेत. 'काढण्यापूर्वी काय होतं ते लिहा. सेटिंग उतरवून घ्या. मग स्क्रू ड्रायव्हर उचला.'

आता मी दिल्लीला लागून, एनसीआरमध्ये राहतो. चौक कोणता ते सांगत नाही, कारण यात दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायचं नाही. मे २०२४ चा शेवटचा आठवडा. त्याच आठवड्यात दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे उन्हाने यंत्रंही बावचळली होती. आमच्या चौकातला सिग्नलही त्यातलाच. दुपारी बारा वाजले की पिवळा दिवा नुसता लुकलुकायचा, संध्याकाळी आपोआप ठीक. लुकलुकता पिवळा म्हणजे 'सावकाश, बघून जा'. आमच्याकडे त्याचा अर्थ 'आधी मी' असा घेतात.

चौकाच्या कोपऱ्यावर एक लोखंडी कपाट असतं, कोचिंग क्लासच्या जाहिराती चिकटवलेलं. त्यात सिग्नलचा कंट्रोलर. वीजपुरवठा, दिवे चालवणारी कार्डं आणि सगळ्यांचा मेंदू म्हणजे प्रोसेसर कार्ड. कोणत्या दिशेला किती सेकंद हिरवा, सकाळी काय, रात्री काय, हे सगळं त्या कार्डाच्या मेमरीत. शिवाय एक पहारेकरी असतो, त्याला वॉचडॉग म्हणतात. प्रोसेसरने त्याला सारखं 'सब ठीक' कळवत राहायचं. कळवलं नाही की तो प्रोसेसर पुन्हा सुरू करून बघतो. तरी जमलं नाही तर चौक लुकलुकत्या पिवळ्यावर जातो. दुसरी एक राखण अशी की, आडव्या-उभ्या दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा मिळतोय असं दिसलं तरी हेच. एका वेळी दोघांना हिरवा देण्यापेक्षा कोणालाच न दिलेला बरा.

दुरुस्तीला मुलगा आला, पंचविशीचा, दरभंग्याचा. मी सोसायटीच्या वतीने छत्री आणि ताक घेऊन उभा. पोरगा फार व्यवस्थित काम करत होता. आल्याआल्या त्याने कार्डाला दोष दिला नाही. आधी वीजपुरवठ्याचं व्होल्टेज मोजलं, अर्थिंग बघितलं, कनेक्टर हलवून पाहिले. पंख्याची जाळी काढली तर धुळीने नमद्यासारखी झालेली. ती साफ करूनही कार्ड तापलं की अडकतंच, हे खात्रीने दिसल्यावर म्हणाला, कार्ड बदलावं लागेल.

मेन स्विच बंद केला, आणि बॅटरीची तारही काढली. ही बऱ्याच जणांची विसरते. मनगटाला पट्टा बांधून तो अर्थला जोडला, कारण आपल्या अंगातली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही आणि चिप मारून टाकते. जुन्या कार्डावरच्या छोट्या स्विचांचा मोबाईलवर फोटो घेतला, तशीच नव्यावर जुळणी केली. मला मनातून शाबासकी द्यावीशी वाटत होती.

मग त्याने विचारलं, "कर्नल साब, पुराना कार्ड ठंडा करके उसकी सेटिंग पढ़ लूँ? आधा घंटा लगेगा. ऑफिस की फ़ाइल है मेरे पास, पर वो पुरानी हो सकती है."

मंडळी, तेव्हा दुपारचे सव्वा वाजले होते. चारही बाजूंनी गाड्या अडकलेल्या, शाळेची बस मध्येच, हॉर्न, शिव्या. चौकातला हवालदार घामाने निथळत हातवारे करत होता आणि दर दोन मिनिटांनी आमच्याकडे बघत होता. मी म्हणालो, "बेटा, फ़ाइल डाल दे और चालू कर." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. कर्नल साब बोलतोय म्हटल्यावर तो काय बोलणार? त्याने फाइल भरली. दिव्यांचा पुरवठा बंद ठेवून कार्डावरच्या बारक्या एलईडींवर एक पूर्ण फेरी चालवून पाहिली. मग मुद्दाम दोन हिरव्यांची टक्कर घडवून पाहिली, कंट्रोलर लगेच पिवळ्यावर गेला. सगळं चोख. मग दिवे लावले. वाहतूक सुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवून घेतल्या.

अकरा दिवस कोणाचीही तक्रार नाही.

आमच्या सोसायटीत ऐंशी पार केलेले एक बंगाली गृहस्थ आहेत. रोज सकाळी काठी टेकत रस्त्यापलीकडच्या मदर डेअरीच्या बूथवर जाणार, स्वतः दूध आणणार. ते दिसेनात. चौकशी केली तर म्हणाले, "अब नहीं होता. बीच में ही लाल हो जाता है. उम्र हो गई." सुनेने त्यांची दुधाची पिशवी वॉचमनकडे दिली होती.

मी घरी आलो आणि मोबाईलवरचं स्टॉपवॉच घेऊन चौकात गेलो. पायी जाणाऱ्यांचा हिरवा: अठरा सेकंद. पूर्वी अठ्ठावीस होता, हे मला माहीत असायला हवं होतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्यासाठीच्या अर्जावर पहिली सही माझी होती!

हिशेब साधा आहे. रस्ता एकवीस मीटर. नियोजनात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सहसा धरतात, म्हणजे साडेसतरा सेकंद पुरतात. काठी टेकणारा माणूस ०.८ ने चालतो, त्याला सव्वीस लागतात. अठरा सेकंदांत तो साडेचौदा मीटरपर्यंत पोहोचतो, आणि समोर दोन लेन भरधाव. आमच्या अर्जानंतर कोणीतरी चांगल्या माणसाने चौकात येऊन ते सेकंद वाढवले होते, पण थेट कार्डात. ऑफिसच्या फाइलमध्ये जुनाच आकडा राहिला. गाडीवाल्यांचं काहीच बदललं नव्हतं, म्हणून कोणी ओरडलं नाही. गंमत बघा, जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये लागला, तो पायी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या सोयीसाठीच.

मी त्या मुलाला फोन केला. चूक माझी, हे आधी सांगितलं. तो म्हणाला, "सर, कार्ड अभी भेजा नहीं है." चंदेरी पिशवीत ठेवलं होतं, वर चिठ्ठी: तारीख, चौक, 'गरम होने पर हैंग, मेमरी पढ़नी बाकी'. माझ्या जवानांना शिकवलेली चिठ्ठी, मी न शिकवलेल्या पोराने लिहिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, त्याने कार्ड वाचलं. अठ्ठावीस. तो आकडा नव्या कार्डात गेला आणि या वेळी ऑफिसच्या फाइलमध्येही. ती नोंद झाल्याचा फोटो मी मागून घेतला.

आजोबा यायला तयार नव्हते. सुनेचा तर ठाम नकार. तिसऱ्या दिवशी मी स्वतःची पिशवी घेऊन त्यांच्या दाराशी गेलो, म्हटलं मलाही दूध आणायचंय, चला. हिरवा लागला, मी खिशात स्टॉपवॉच दाबलं. दुभाजकापाशी ते थांबून दिव्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चलते रहिए दादा. पलीकडच्या फूटपाथवर काठी टेकली तेव्हा पंचवीस सेकंद झाले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. दिवा अजून हिरवा होता.